दहा वर्षांची गाडी आणि तिचा गंज

नऊ-साडेनऊ वर्षांच्या मोटारीवर गंज दिसू लागला की ती दुरुस्त करून ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न कुठल्याही गावात मालकाची झोप उडवतो. सिंगापुरात त्या प्रश्नाला एक ठरलेली तारीखही असते. तिथे गाडीबरोबर ती दहा वर्षे रस्त्यावर ठेवण्याचा हक्क वेगळा विकत घ्यावा लागतो. ‘सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट’ हे त्याचे नाव. बोलण्यात त्याला सीओई म्हणतात. मे १९९० मध्ये ही पद्धत सुरू झाली. दर महिन्याला दोनदा लिलाव होतो आणि जो भाव फुटेल तो नव्या गाडीच्या किमतीत मिळवला जातो. दहा वर्षे संपत आली की मालकापुढे दोन वाटा राहतात. गाडीची नोंदणी रद्द करून ती भंगारात किंवा परदेशी पाठवायची, नाहीतर हक्काचे नूतनीकरण करायचे.

नूतनीकरण पाच वर्षांचे किंवा दहा वर्षांचे असते. त्यासाठी लिलावात उतरावे लागत नाही. मागच्या तीन महिन्यांच्या लिलावांतील भावांची सरासरी, म्हणजे पीक्यूपी, भरायची. दहा वर्षांसाठी ती पूर्ण लागते, पाच वर्षांसाठी निम्मी. फरक पुढे आहे. दहा वर्षांचे नूतनीकरण संपल्यावर पुन्हा करता येते. पाच वर्षांचे घेतले तर ती पाच वर्षे संपताच गाडी काढावीच लागते. शिवाय नूतनीकरण केले की ‘पार्फ’ नावाची सवलत कायमची जाते. दहा वर्षांच्या आत नोंदणी रद्द करणाऱ्याला, गाडी घेताना भरलेल्या ‘अ‍ॅडिशनल रजिस्ट्रेशन फी’चा काही भाग सरकार परत करते, तीच ही सवलत. आज दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या साध्या गाड्यांना ती त्या फीच्या निम्मी मिळत आली आहे. नव्या गाड्यांसाठीचे दर सरकार अधूनमधून बदलते, म्हणून आपल्या गाडीचा आकडा लँड ट्रान्सपोर्ट अथॉरिटीच्या, म्हणजे एलटीएच्या, नोंदीतूनच काढावा.

लिलावाचा भाव किती हलतो हे पाहिले की या प्रश्नाचे वजन कळते. २०२० मध्ये छोट्या गाड्यांच्या ‘ए’ गटात तो तीस-चाळीस हजार सिंगापूर डॉलरच्या घरात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच गटात तो १,०६,००० वर गेला आणि मोठ्या गाड्यांच्या ‘बी’ गटात १,५०,००१ वर. फेब्रुवारी २०१८ पासून या दोन्ही गटांत गाड्यांची संख्या वाढू द्यायची नाही असे धोरण असल्याने नवे हक्क मुख्यतः जुन्या गाड्या निघतील त्या प्रमाणातच येतात. भाव चढला की जुनी गाडी राखावीशी वाटते आणि नेमक्या त्याच वेळी गंजाकडे काणाडोळा करण्याचा मोह वाढतो.

सिंगापुरातला नोव्हेना हा भाग या प्रश्नाच्या जणू मधोमध आहे. थॉमसन रोडच्या दोन्ही अंगांना उंच इमारती, टॅन टॉक सेंग रुग्णालय, १९८७ पासूनचे मेट्रो स्थानक. दक्षिणेला लिटल इंडियाजवळ हॅम्पशायर रोडवर एलटीएचे मुख्यालय. उत्तरेला थॉमसन रोडने वर गेले की सिन मिंग: तिथे तपासणी केंद्र आहे आणि गॅरेजांची रांगच्या रांग, टिनकाम, रंगकाम, एसी, गिअरबॉक्स असे एकेक काम वाटून घेतलेली. म्हणजे परवाना ठरवणारी कचेरी आणि पत्रा बघणारा कारागीर, दोघेही हाकेच्या अंतरावर. तरीही बहुतेक मालक आधी कागदाचा विचार करतात आणि पत्रा नंतर बघतात. हा क्रम उलटा असायला हवा, आणि तो का, हे गंजाचा स्वभाव समजला की ध्यानात येते.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्यातून गंज तयार होतो. पत्र्यावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच पृष्ठभागावर एक ठिकाण लोखंड सोडू लागते आणि शेजारचे ठिकाण प्राणवायू घेते. मधले पाणी विजेच्या घटातल्या द्रावणाचे काम करते. पाण्यात मीठ असेल तर हा व्यवहार झपाट्याने चालतो. अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला आतून फोड येतो, फोड फुटतो आणि ओल आणखी आत शिरते. बाहेर रुपयाएवढा फोड दिसत असेल तर रंगाखाली तो त्याहून बराच पसरलेला असतो, हे कोणताही टिनकाम करणारा सांगेल.

आजच्या गाड्यांचा पत्रा एवढा लवकर हार मानत नाही. त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. सांगाडा जोडून झाला की तो प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात लेप बसवतात. ही रीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुळली. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्याला आणि आउडीने १९८६ च्या ‘८०’ या गाडीवर संपूर्ण जस्त चढवलेला सांगाडा आणला, आणि मग इतरांनाही त्या दिशेने जावे लागले. म्हणूनच दहा वर्षांच्या गाडीला गंज लागला असेल तर त्यामागे बहुधा काही विशिष्ट कारण असते: अपघातानंतर घाईत झालेली दुरुस्ती, तुंबलेली पाण्याची वाट, उडालेला रंग किंवा पाण्यात बुडालेली गाडी. ते कारण सापडेपर्यंत दुरुस्तीवर खर्च करू नये, कारण कारण तसेच राहिले तर नवा पत्राही त्याच वाटेने जाईल.

सिंगापूरची हवा गंजाला मानवते. वर्षाची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८२ टक्के आहे. पहाटे ती ९० च्या वर जाते आणि कोरड्या दुपारी ६० पर्यंत उतरते. वर्षात सरासरी १७१ दिवस पाऊस पडतो आणि तो २,१०० मिलिमीटरच्या पुढे जातो. आकडा मुंबईच्या पावसाएवढाच वाटेल, पण मुंबईचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे महिने गाडी सुकते. सिंगापुरात सुकण्याचा हंगामच नसतो. दुसऱ्या बाजूला युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तसे इथे होत नाही. तिकडची गाडी खालून सगळीकडून सारखी गंजते. इथली ठिकठिकाणी, जिथे पाणी साचते तिथे, गंजते. सिंगापुरातली तपासणी करताना हा फरक सगळ्यात उपयोगी पडतो. आख्खी गाडी चाचपत बसण्यापेक्षा पाणी कुठे थांबते ते शोधायचे.

पहिली जागा विंडस्क्रीनच्या खाली, वायपरच्या मुळाशी असलेली जाळी. सिंगापूरचे रस्ते पर्जन्यवृक्षांच्या सावलीत आहेत आणि त्यांची बारीक पाने या जाळीतून आत पडतात. आत पाणी वाहून नेणाऱ्या दोन वाटा असतात; पानांचा चिखल तिथे बसला की पाणी फायरवॉलच्या सांध्यावर तुंबते आणि हळूच डॅशबोर्डखाली उतरते. दुसरी जागा एसीच्या पाण्याची नळी. इथे एसी बारा महिने चालतो, त्यामुळे त्या नळीतून रोज पाणी ठिबकते. ती तुंबली की पाणी पुढच्या सीटसमोरच्या गालिच्याखाली जमते. वरून गालिचा कोरडा लागतो, पण खालचा फोम भिजलेला असतो आणि फ्लोअरचा पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो. गाडीत शिरताच येणारा कुबट वास हे त्याचे पहिले लक्षण. अत्तराची डबी लावून तो झाकण्याऐवजी गालिचा उचलावा. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या, दरवाज्यांच्या तळाची पाणी निघण्याची भोके, आणि डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, या पुढच्या जागा. मागच्या दिव्यांची रबरे सुकली की पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि स्टेपनीखाली कुणी वर्षानुवर्षे पाहत नाही.

सिंगापुरात अचानक पाणी तुंबण्याच्या घटनाही घडतात. नोव्हेंबर २००९ मध्ये बुकिट तिमाह आणि जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोड पाण्याखाली गेले होते. ही दोन्ही ठिकाणे नोव्हेनापासून फार लांब नाहीत. सीटच्या उंचीपर्यंत पाणी गेलेली गाडी बाहेरून कितीही चकाचक केली, तरी तिच्या पोकळ भागांत गाळ उरतो आणि गाळ ओल धरून ठेवतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

तपासणीचा खरा भाग गाडी लिफ्टवर चढल्यावर सुरू होतो. खालून बघताना आधी इथे-तिथे पसरलेल्या तांबूस रंगाने घाबरू नये. सायलेन्सर, नट-बोल्ट, ब्रेकच्या डिस्कची कड आणि जाड ओतीव भाग यांच्यावर वरवरचा गंज असतोच. रात्रीच्या पावसानंतर डिस्कवर आलेली तांबूस झाक सकाळी दोन-चार ब्रेक मारताच पुसली जाते. बघायचे ते पातळ पत्र्याचे, वजन पेलणारे भाग. आजच्या मोटारीला वेगळी चौकट नसते. सांगाडा हीच चौकट. दरवाज्याखालचा लांब पोकळ पट्टा, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, फ्लोअर, शॉकअ‍ॅब्सॉर्बर वर बसतात ते घुमट, इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी सबफ्रेम, आणि जॅक लावायच्या जागा: यांच्यावर गाडीची ताकद उभी असते. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांची गणनाही यातच करावी. त्या पातळ असतात आणि फुटतात तेव्हा सूचना देत नाहीत.

रनिंग बोर्डची परीक्षा हाताने करतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोकत जायचे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडका पत्रा बोदा. जिथे आवाज बसतो तिथे टोकाने जरा दाबून पाहायचे. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली धातू चकाकला तर गंज वरवरचा आहे. पापुद्र्याबरोबर तांबूस पोपडे, थरावर थर, निघू लागले तर पत्रा अर्धा गेला आहे. आणि टोक आत शिरले तर तिथे पत्रा उरलेलाच नाही, रंग आणि सवय एवढेच शिल्लक आहे. मग लोहचुंबक फिरवायचे. धातूवर ते चिकटते. जिथे घसरते तिथे मागच्या कुणीतरी भोक पुट्टीने, कारागिरांच्या भाषेत लांबी भरून, बुजवले आहे. वजन पेलणाऱ्या भागात लांबी सापडली तर त्या गाडीच्या बाकीच्या इतिहासावरही विश्वास ठेवू नये. शेवटी तळाची रबरी बुचे काढून आत छोटा कॅमेरा घालायचा. सिन मिंगच्या परिसरात लिफ्ट आणि कॅमेरा असलेले गॅरेज शोधायला लांब जावे लागत नाही, आणि या कामाला लागणारा वेळ तासा-दीड तासाचा.

अधिकृत तपासणी झाली की एवढे करायची गरज नाही, असा समज पसरलेला आहे. तो धोकादायक आहे. तीन ते दहा वर्षांच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी तपासणी केंद्रात जावे लागते. तिथे ब्रेक, दिवे, धूर, चाकांची सरळी, खालचा भाग हे सगळे पाहिले जाते आणि ते काम चोख होते. पण ती तपासणी त्या दिवशी गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे की नाही, एवढेच सांगते. पाच किंवा दहा वर्षांचे पैसे तिच्यात घालावेत का, हे ती सांगत नाही आणि सांगणे तिचे काम नाही. गालिचा उचलला जात नाही, बुचे काढली जात नाहीत. मालकाने स्वतःसाठी करायची तपासणी वेगळीच आहे.

दुरुस्तीचे तीन प्रकार आहेत आणि त्यांच्या किमतीपेक्षा त्यांच्या टिकाऊपणात मोठे अंतर आहे. वरवरचा गंज घासून धातूपर्यंत न्यायचा, फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असलेले द्रावण लावून उरलेला गंज निष्क्रिय करायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा आणि रंग द्यायचा. हे काम नीट झाले तर वर्षानुवर्षे टिकते. ज्या पत्र्याला भोक पडले आहे तो मात्र कापूनच काढावा लागतो, चांगल्या धातूपर्यंत. मग नवा तुकडा वेल्ड करायचा, सांधा सीलरने बंद करायचा आणि पोकळीत आतून मेणाचा फवारा मारायचा. या शेवटच्या पायरीवर बरेचजण पैसे वाचवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा लेप जळलेला असतो. मेण मारले नाही तर नवा सांधा जुन्या पत्र्याआधी गंजतो. तिसरा प्रकार म्हणजे सबफ्रेम किंवा सस्पेन्शनचा भाग संपूर्ण बदलणे. बोल्टने बसणारा भाग बदलायला खर्च येतो, पण निकाल स्वच्छ असतो. त्यामुळे सबफ्रेम गंजलेली आणि सांगाडा सुदृढ अशी गाडी वाचवण्यासारखी असते. याच्या उलट, म्हणजे बाकी सगळे नवे आणि सांगाडा पोखरलेला, अशी गाडी वाचत नाही.

काळ्या डांबरी अंडरकोटिंगबद्दल स्पष्ट बोलायला हवे. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ते उपयोगाचे आहे. गंजावर मारले तर ते ओल आत कोंडते आणि गंज नजरेआड करून वाढू देते. विकायच्या आधी नुकतेच मारलेले अंडरकोटिंग दिसले तर घेणाऱ्याने ते खरवडायची परवानगी मागावी, आणि विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजावे.

कमी मजुरीमुळे बरेच सिंगापूरकर गाडी सीमेपलीकडे जोहोर बाहरूला नेतात. रंगकाम, सीटकव्हर, डेंट अशा डोळ्यांनी तपासता येणाऱ्या कामांसाठी ते ठीक आहे आणि तिथले कारागीर हुशार आहेत. सांगाड्याच्या वेल्डिंगबाबत मात्र अंतर आडवे येते. काम अर्ध्यावर असताना, पत्रा कापलेला असताना आणि मेण मारताना मालक तिथे हजर असेल तरच हा पर्याय घ्यावा. निदान प्रत्येक टप्प्याचे फोटो मागावेत.

आता पैशाचा हिशेब. इथे बहुतेक मालकांची गल्लत होते ती सीओईच्या प्रचंड आकड्यामुळे. गंजाचे काम चार हजारांचे आणि नूतनीकरण पन्नास हजारांचे, तेव्हा चार हजारांचे काय एवढे, असा विचार मनात येतो. पण सीओईचा खर्च दोन्ही वाटांवर सारखाच आहे: नवी गाडी घेतली तरी तो हक्क विकत घ्यावाच लागतो. म्हणून तुलनेतून तो दोन्हीकडून वजा करावा आणि उरलेल्या धातूची किंमत एकमेकांशी भिडवावी.

समजा, सीओईचा भाव एक लाख डॉलर आहे आणि दोन्ही गाड्यांची आयात किंमत वीस हजार. नव्या गाडीवर वीस टक्के उत्पादन शुल्क म्हणजे ४,०००, त्या दोन्हींवर नऊ टक्के जीएसटी म्हणजे २,१६०, अ‍ॅडिशनल रजिस्ट्रेशन फी २०,०००, नोंदणी ३५०. बेरीज ४६,५१०. विक्रेत्याचा नफा आणि खर्च पंधरा हजार धरला तर ६१,५१०. ही गाडी दहा वर्षे वापरून काहीच परत आले नाही असे धरले तर वर्षाला सुमारे ६,१५०. दहा हजार परत आले तर सुमारे ५,१५०. जुनी गाडी पाच वर्षांसाठी ठेवली तर हातची जाणारी पार्फ सवलत दहा हजारांची, म्हणजे वर्षाला २,०००. दोहोंतला फरक वर्षाला तीन ते चार हजार डॉलर. जुन्या गाडीच्या दुरुस्तीला खरी जागा आहे ती एवढीच. तिच्यातून रस्ताकराचा अधिभार जातो. दहा वर्षांनंतर तो १० टक्क्यांनी सुरू होतो, दरवर्षी दहा-दहाने वाढत ५० टक्क्यांवर थांबतो. १६०० सीसी पेट्रोल गाडीचा मूळ कर वर्षाला साधारण ७४० डॉलर, तेव्हा शेवटी वर्षाला ३७० च्या आसपास जादा. मग टायर, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर, रबरी बुशे आणि वरचेवर गॅरेजात घालवलेले दिवस. त्यातून जे उरेल ते गंजाच्या वाट्याला.

या जागेत चार हजारांचे एकदाचे, टिकाऊ काम पाच वर्षांवर वाटले तर सहज बसते. तेच काम दर दोन वर्षांनी नव्या जागी निघणार असेल तर बसत नाही. म्हणून अंदाजपत्रकाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा: गंजाचे कारण सापडले का, आणि तो एका जागी आहे की पसरलेला? दहा वर्षांच्या नूतनीकरणात पार्फचा तोटा वर्षाला एक हजारावर येतो आणि हिशेब जुन्या गाडीकडे आणखी झुकतो, पण तो पत्र्याकडून वीस वर्षांचे वय मागतो. गंज सुरू झालेल्या गाडीकडून ते मागणे बहुधा जास्तीचे ठरते. सांगाड्यावर एकदाही वेल्डिंग करावे लागले असेल तर पाच वर्षांचाच विचार करावा.

नूतनीकरणानंतर गंज निघाला तर सगळे पैसे बुडतात, अशी भीती असते. तसे नाही. मुदतीआधी नोंदणी रद्द केली तर पीक्यूपीचा न वापरलेल्या महिन्यांचा भाग परत मिळतो. बुडते ते पार्फ आणि दुरुस्तीवर घातलेला पैसा. म्हणजेच, चुकीच्या निर्णयाची किंमत वाटते तेवढी मोठी नाही. पण ती टाळता येते तीही एका तासाच्या तपासणीने. नोंदणी रद्द करताना विक्रेते सवलतीखेरीज सांगाड्याचेही वेगळे पैसे देतात, कारण सिंगापुरातल्या बऱ्याच जुन्या गाड्या निर्यात होतात. पोखरलेल्या पत्र्याची गाडी निर्यातीला चालत नाही, ती भंगाराच्या भावाने जाते. आधी कर्ज काढून नूतनीकरण करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी: गाडी बंद पडली तरी हप्ते चालू राहतात.

महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबांना हा सगळा हिशेब सुरुवातीला परका वाटतो. आपल्याकडे खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली तेव्हा बराच आरडाओरडा झाला, पण सीओईपुढे ती नगण्यच. त्यामुळे मुंबईत किंवा रत्नागिरीत गाडी ठेवायची की नाही, हे पत्रा आणि इंजिनच सांगतात. किनाऱ्यावर खारी हवा पत्रा लवकर खाते आणि तिथले लोक पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला तेल मारून घेतात. वयाची सक्ती आपल्याकडे टॅक्सीला आहे. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली, कारण तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. तिच्या पत्र्याचे काय, हे तेव्हा कुणी विचारले नाही. सिंगापुरात दर महिन्याला अशा शेकडो गाड्या निघतात, ज्यांचे इंजिन आणि सांगाडा अजून दहा वर्षे चालला असता. आणि त्याच महिन्यात काही गाड्या, ज्यांना थांबवायला हवे होते, नूतनीकरण करून पुढे जातात. गर्दी आटोक्यात ठेवणारी म्हणून ही व्यवस्था यशस्वी आहे. धातूची अवस्था ती पाहत नाही, ते मालकालाच पाहावे लागते.

म्हणून क्रम असा ठेवावा. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी गाडी लिफ्टवर चढवावी, ज्या गॅरेजला दुरुस्तीचे काम मिळणार नाही अशा गॅरेजात. गालिचे उचलावेत, बुचे काढावीत, फोटो घ्यावेत. गंजाचे कारण लिहून घ्यावे आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज दोन ठिकाणांहून घ्यावा. मग पार्फचा आकडा आणि त्या महिन्याची पीक्यूपी शेजारी मांडावी. दरवाजे, मडगार्ड, बॉनेट, डिकीचे झाकण यांच्यावरचा गंज हा देखणेपणाचा प्रश्न आहे. तो असला तरी नूतनीकरण करायला हरकत नाही. फ्लोअरला किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात एखादे भोक, कारण सापडलेले, बाकी पत्रा खणखणीत, तर काम करून पाच वर्षे खुशाल घ्यावीत. आधी काम, मग पैसे भरणे, हा क्रम मोडू नये, कारण पत्रा कापल्यावर आत काय निघेल हे कापल्याशिवाय कळत नाही आणि तोवर मागे फिरण्याची वाट मोकळी असावी. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड, किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे घुमट, किंवा जॅक लावायच्या जागा आतून पोखरलेल्या असतील, तर त्या गाडीवर पीक्यूपी भरू नये. मुदतीच्या आत नोंदणी रद्द करून पार्फ घ्यावी आणि एलटीएने दिलेल्या एका महिन्यात गाडी भंगारवाल्याच्या हवाली करावी.